कॉपिंग पेन्सिलची रेघ

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की लोक शोकेस बघतात, पडदे बघतात. मी जमीन बघतो. चपला काढायच्या निमित्ताने वाकतो आणि बोटाच्या पेराने हळूच टकटक करतो. परवा भाचीच्या साखरपुड्यालाही हेच केलं. बायको कानाशी येऊन म्हणाली, "मुलाकडची माणसं बघायला आलोय आपण, फरशी नाही." तिचं बरोबर होतं. पण मुलाकडचा हॉल दोन ठिकाणी पोकळ वाजत होता, आणि हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मी जन्मतः संशयी नाही. मला धंद्याने तसा केला. जातीचा सुतार, राहायला डोंबिवली पूर्वेला. ऐंशीच्या दशकात कल्याण-डोंबिवलीत जेवढ्या नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या त्यांतल्या बऱ्याच घरांत माझी कपाटं, माझे दरवाजे आणि ओट्याखालचे माझे खण आहेत. कपाटाचं काम सरळ असतं. दार लागत नसेल तर गिऱ्हाईक बोलावतं, आपण बिजागरी सैल करतो, चहा पितो, घरी येतो. त्यात कुणावर संशय घ्यायची वेळ येत नाही.

नव्वदीनंतर ठाण्याच्या एका दुकानदाराने परदेशातून लाकडी जमिनीच्या फळ्या मागवायला सुरुवात केली आणि त्या बसवायला मला बोलावलं. तेव्हा आमच्या भागात हे कुणाला ठाऊकच नव्हतं. माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. ही फळी अखंड लाकडाची नसते. वर खऱ्या लाकडाचा थर, दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढाच जाड. त्याच्या खाली प्लायचे थर, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे, म्हणजे लाकूड पिळवटत नाही. एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ. जीभ खाचेत घालायची, मधे ठोकळा धरून हातोडीने ठोकायचं, की दोन फळ्यांमधून नखही जात नाही. खाली फोमची पातळ शीट असते. भिंतीला फळी कधी टेकवायची नाही, चहूबाजूंनी अर्धा इंच फट सोडायची. लाकूड पावसाळ्यात अंग फुगवतं, त्याला जागा हवी. ती फट वरून स्कर्टिंगच्या पट्टीने झाकायची.

हे सगळं मी गिऱ्हाइकाला इमानदारीने सांगत असे, आणि दर वेळी गिऱ्हाईक "वर पातळ थर, खाली प्लाय" एवढंच ऐकून माझ्याकडे रोखून बघत विचारायचं, "म्हणजे नकली?"

नौपाड्यातले एक निवृत्त गृहस्थ तर काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत खुर्ची टाकून बसले. मी फळी बदलून हलकी घालीन अशी त्यांना धास्ती. त्यांनी खोकी फोडून प्रत्येक फळीच्या पाठीवर स्वतःची सही केली. मी फळी उचलली की ते म्हणायचे, "दाखवा." मी उलटी करून सही दाखवायची, मग बसवायची. तिसऱ्या दिवशी एका फळीवर सही निघाली नाही. त्यांचा चेहराच उतरला. मी शपथा घेतल्या, खोक्यावरचे आकडे दाखवले. शेवटी त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या की त्या वेळी दूधवाला आला होता आणि तुम्ही उठला होतात. तेव्हा त्यांनी त्या फळीवर सही केली, आणि पुढच्या सगळ्या फळ्या पुन्हा एकदा मोजल्या. त्या घरातली माणसं आजही त्यांच्या सह्यांवरून चालतात.

गिऱ्हाईक माझ्यावर संशय घेणार म्हटल्यावर मीही गिऱ्हाइकावर घेऊ लागलो. कारण या जमिनीचा वैरी एकच, पाणी. आणि आपल्याकडे जमीन पुसणं म्हणजे बादलीभर पाणी, फिनेल आणि ओलं फडकं. नुसतं पुसून आमच्या बायाबापड्यांचं समाधान होत नाही, शिंपडल्याशिवाय घर स्वच्छ झालंसं वाटत नाही. मी हात जोडून सांगायचो की फडकं पिळून, जवळजवळ कोरडं करून पुसा. सगळे माना डोलवायचे. चार महिन्यांनी निरोप यायचा, फळ्यांच्या कडा वर आल्यात, चालताना पायाला लागतात. जाऊन विचारावं तर घरातल्या एकानेही कधी पाणी सांडलेलं नसायचं.

म्हणून मी एक युक्ती काढली. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात माझा एक शेजारी होता, त्याच्याकडे कॉपिंग पेन्सिली असायच्या. नव्या मंडळींनी त्या बघितल्या नसतील. कोरडी असताना ती साध्या शिसपेन्सिलीसारखी करडी उमटते. पाण्याचा थेंब लागला की रेघ जांभळी होऊन पसरते, आणि एकदा पसरली की पुसून जात नाही. मी प्रत्येक घरात स्कर्टिंग लावण्याआधी त्या अर्ध्या इंचाच्या फटीत दोन रेघा मारून ठेवायचो. एक खालच्या जमिनीवर आणि एक फळीच्या कडेवर, वरून खाली उभी. वरून पट्टी बसली की कुणाला पत्ता नाही.

डोंबिवलीत एका घरी ही युक्ती पहिल्यांदा फळाला आली. नवराबायको दोघं नोकरीला. जमीन फुगली आणि बाई कामवालीला बोल लावत होत्या. मी पट्टी उचकटली. दोन्ही रेघा जांभळ्या, आणि कडेवरची तर वरून खालपर्यंत ओघळलेली. मी म्हटलं, पाणी ओतलंय, पुसलेलं नाही. कामवाली रडायला लागली. तेव्हा घरचे साहेब पेपर खाली ठेवून म्हणाले की दर रविवारी बायको भाजीला गेली की ते स्वतः दोन बादल्या ओतून जमीन धुतात, त्याशिवाय त्यांना रविवार झाल्यासारखा वाटत नाही. ही गोष्ट दुकानदाराने दहा जणांना सांगितली. मला तिथे सीआयडी म्हणायला लागले. मला ते आवडायचं, हे कबूल करतो. माणसाला आपल्या हुशारीची चटक लागली की तो तीच हुशारी जिथे तिथे लावत सुटतो. माझं तेच झालं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

ठाण्यात खाडीच्या अंगाला बाळारामदादा नावाच्या एका आगरी गृहस्थांनी नवा बंगला बांधला होता. माणूस मोकळा, बोलणं मोठ्याने, पण मनात काही ठेवणारा नव्हता. माघात मोठ्या मुलाचं लग्न काढायचं ठरलं होतं आणि त्याआधी हॉलला लाकडाची जमीन पाहिजे होती. हॉल केवढा, तर एका बाजूने हाक मारली तर दुसऱ्या बाजूला ऐकू येईल न येईल एवढा. खाली सिमेंटचा कोबा होता.

त्या घरात दादांची विधवा काकी राहायची. चांगुणाकाकी. मूलबाळ नव्हतं. दादांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, पहिल्या बाळंतपणात दुखणं निघालं तेव्हा ते बाळ हिनेच वर्षभर सांभाळलं, आणि पुढेही ते पोर हिच्याच पदराला राहिलं. त्याचंच आता लग्न होतं. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आगरी लोकांत लग्नातले विधी नुसत्या भटजीवर होत नाहीत. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. तिने गायल्याशिवाय हळद लागत नाही. चांगुणाकाकी त्या गावाची धवलारीण होती. शेकडो पोरांना तिने गाऊन हळद लावली होती आणि स्वतः वाढवलेल्या पोराची हळद ती कितीतरी वर्षं मनात धरून होती. मला हे पहिल्याच दिवशी कळलं, कारण तिने ते मला, लाइटवाल्याला आणि रंगवाल्याला सारख्याच उत्साहाने सांगितलं.

माझं काम मे महिन्यात होतं. लाकूड घालण्याआधी मी नेहमी ओलीची परीक्षा घेतो. हातभर प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या, दोन दिवस राहू द्यायचा. खाली दव धरलं तर जमिनीत ओल आहे. मी चार कोपऱ्यांत चार तुकडे लावत होतो तेव्हा काकी येऊन उभी राहिली.

"काय बगतंस?"

"खालून पाणी येतंय का ते बघतोय, काकी."

"आता नाय दिसनार. आखाडात बग. पुनवेची खाडी भरली का मंग बग. हिथं आमचा मिठागर होता."

मी हसून मान हलवली. मला त्यात वेगळंच दिसलं. आदल्याच दिवशी ती दादांशी वाद घालत होती की लाकूड कशाला, थंडगार लादी टाका, बसून चार दाणे निवडायला बरं. म्हणजे हिला लाकूड नकोच आहे आणि म्हणून ही फाटे फोडतेय, असा मी हिशेब मांडला. दोन दिवसांनी चारही तुकडे उचलले, चारही कोरडे. ओलीची शंका असेल तिथे फोमखाली जाड प्लास्टिक अंथरायचं असतं. परीक्षा कोरडी आली म्हणून मी ते अंथरलं नाही. फळ्या बसवल्या, दोन्ही रेघा मारल्या, स्कर्टिंग ठोकलं. सगळ्यांना पाण्याबद्दल बजावलं. काकीला दोनदा बजावलं. पहाटे अंगणात बादल्यांनी सडा टाकायची तिची सवय मी बघून ठेवली होती.

गणपती झाले आणि दादांचा निरोप आला. जाऊन बघतो तर हॉलची पार रया गेलेली. फळ्यांच्या कडा उचललेल्या, मधे खोलगट, पन्हळीच्या पत्र्यावरून चालल्यासारखं वाटत होतं. दादा वैतागलेले होते, पण माझ्यावर नाही. मला म्हणाले, "मेस्त्री, तुम्ही लय हुशार असं दुकानवाले सांगतात. शोधून काढा काय झालं."

वहिनींना शोधायची गरज नव्हती. त्यांनी काकीकडे बोट दाखवलं. मागच्या दाराने ओल्या पायांनी येते, तुळशीला पाणी घालून तांब्या इथेच ठेवते, कितीदा सांगितलं. मी मागच्या दारापाशी गेलो आणि हातभर पट्टी उचकटली. कोब्यावरची रेघ जांभळी होऊन पसरली होती.

फळीच्या कडेवरची दुसरी रेघ बघायची तर त्या फटीत आरसा धरून, बॅटरी मारून बघावं लागतं. आरसा माझ्या पिशवीत होता. मी तो काढला नाही. माझं उत्तर तयार होतं, उगाच कशाला वाकायचं. दुसऱ्या कुठल्या भिंतीची पट्टीही मी उघडून बघितली नाही.

मी म्हणालो, "इथे पाणी पडलंय."

काकी तिथेच उभी होती. तिने सांगितलं की पाणी तिने सांडलं नाही, एकदाही नाही. सडा अंगणापुरता, तांब्या बाहेरच्या कट्ट्यावर. मी तिला डोंबिवलीची गोष्ट ऐकवली, पेन्सिल काय असते ते समजावलं, आणि वर म्हणालो, "काकी, माणूस विसरतं. पेन्सिल खोटं बोलत नाही."

"पेन्सिल तुजी," ती म्हणाली. "तुला पायजे तसा बोलनार ती. मना इचारशील तर पानी खालशी येतं."

वहिनी म्हणाल्या, एवढं समोर दाखवलं तरी कबूल करत नाही. दादा तिला समजावत होते की झालं ते झालं, चूक झाली म्हण आणि विषय संपव. हे मला नीट आठवतं, कारण पुढे मला त्याने झोप लागेना. तिने नुसतं हो म्हटलं असतं तर कुणी काही केलं नसतं. फळ्यांचं नुकसान त्या घराला जड नव्हतं. पण ती हो म्हणेना, आणि मग घरात भांडण पाण्यावरून न राहता खोटेपणावरून सुरू झालं. घरात खोटं बोलणारं माणूस नको, असं वहिनी म्हणाल्या. दसऱ्याच्या आत काकी आपलं गाठोडं घेऊन भावाकडे खडवलीला गेली. मला हे दुकानदाराकडून कळलं. मला थोडं वाईट वाटलं, आणि थोडं असंही वाटलं की सत्य कळल्यावर असं व्हायचंच. हे असं वाटलं होतं म्हणून तसं लिहितो.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी दादांनी नवी जमीन घालायला बोलावलं. सोमवारी मी जुन्या फळ्या काढायला सुरुवात केली. सुरुवात मागच्या दारापासून न करता समोरून केली, कारण मागे लग्नाच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. मागच्या दारापासून ती जागा तीस पावलं लांब. तिथली पहिली पट्टी काढली आणि कोब्यावरची रेघ बघितली. जांभळी.

मी फळी उचलली, कड उजेडाकडे धरली. वरून खाली मारलेली माझी रेघ वरच्या अर्ध्या भागात करडी, जशी मी मारली होती तशीच कोरडी होती. खालचा अर्धा भाग जांभळा होऊन फिसकटलेला. वरून पाणी आलं असतं तर आधी वरची बाजू पसरली असती, हे मला डोंबिवलीपासून ठाऊक होतं. मग फोमची शीट वर केली. खाली सगळीकडे पांढरं. तांदळाचं पीठ सांडावं तसा लोणा फुटला होता. जुन्या भिंतींना फुटतो तो सगळ्यांनी पाहिला असेल, पण असा दाट मी पहिल्यांदाच पाहिला. बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट, नुसतं मीठ.

मिठागर बुजवून वर भराव घातला होता. मीठ पाणी ओढतं, हे पोरालाही माहीत असतं, पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं. उन्हाळ्यात वरचा कोबा वाळला होता म्हणून माझं प्लास्टिक कोरडं राहिलं. आषाढात खालच्या मिठाने ओल ओढून वर आणली. काकीने मला एका वाक्यात सांगितलं होतं ते हेच, महिन्यासकट.

त्या वेळी हॉलमध्ये मी एकटाच होतो. मी काय केलं ते सांगतो. झाडू घेतला आणि लोणा झाडून काढला. मनाला सांगितलं की आता डांबराचा हात देऊ, जाड प्लास्टिक घालू, नव्या फळ्या टिकतील, दादांचं काम चोख होईल. कुणी विचारलं तर सांगू. कुणी विचारलं नाही. लोक मला आयुष्यभर संशयी म्हणत आले, आणि जिथे घ्यायचा तिथे माझ्यावर संशय घेणारं त्या घरात कुणी नव्हतं. जी घेत होती ती खडवलीला होती.

मंगळवार, बुधवार, गुरुवार गेले. शुक्रवारी मी डांबर लावायच्या तयारीत गुडघ्यांवर बसलो होतो, तेव्हा पलीकडच्या खोलीत शेजारच्या गावाची एक वयस्क बाई आली. वहिनींनी तिला धवले म्हणायला ठरवलं होतं. ती बाई विचारत होती, "चांगुणा असताना मना का बोलवता? तिचा पोर हाय तो. ती मना काय म्हनेल?"

वहिनी म्हणाल्या की ती आता इथे नसते. तिने घराची जमीन नासवली आणि वर खोटं बोलली. मेस्त्रीने पुराव्यानिशी पकडलं.

त्या बाईने पुढे काय म्हटलं ते मी ऐकलं नाही. मी उठलो. कडेवर रेघ असलेली ती एक फळी मी का कोण जाणे बाजूला ठेवली होती. ती घेतली आणि बाहेर दादा मांडववाल्याशी बोलत होते तिथे गेलो. मांडववाला जाईपर्यंत थांबलो. मग फळी दाखवली, रेघ दाखवली, फोमच्या सांध्यातून वर येऊन पाठीला चिकटलेला लोणा दाखवला. म्हणालो की पाणी खालून आलं. काकी खरं बोलत होती, चूक माझी.

दादांनी फळी हातात घेऊन उलटीपालटी केली. नखाने लोणा खरवडला.

"कवा कळलं हे तुम्हाला?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार हाय, मेस्त्री."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते आत गेले, वहिनींशी बराच वेळ बोलले, आणि बाहेर येऊन जीपची किल्ली काढत म्हणाले, "बसा. तुम्हीच सांगा तिला. मी काय तोंडाने सांगू?"

खडवलीला पोचलो तेव्हा काकी भावाच्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. दादांना बघून तिचे हात थांबले, माझ्याकडे बघून पुन्हा चालू झाले. दादा उभेच राहिले. मी तिच्या समोर सारवलेल्या जमिनीवर बसलो आणि फळी पुढे ठेवली. जे दादांना सांगितलं तेच सांगितलं. सोमवारपासून गप्प होतो हेही सांगितलं, कारण तिच्यापुढे काही राखून ठेवायची माझी हिंमत नव्हती.

तिने फळी उचलली. माझ्या रेघेकडे तिने पाहिलंही नाही. पाठीवरचा पांढरा चुरा बोटाने घेतला, जिभेवर ठेवला आणि दादांना म्हणाली, "आपलाच हाय. तुझा काका ह्या मिठाच्या राशी लावाचा." आणि तिचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांत मी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं, मी तिच्यावर आळ घेतला तेव्हाही नाही.

दादा म्हणाले, "चल काकी. पोराची हळद हाय."

ती लगेच उठली नाही. उरलेल्या शेंगा सोलल्या, टरफलं गोळा केली. मग म्हणाली, "येन. पन ह्या फल्या मना तिथं नको. परत नको, नव्या पन नको. पयल्या त्या काढ, मंग मी पाय ठेवन."

दादा म्हणाले, काढतो. एवढ्या हौसेने मागवलेली नवी खोकी तशीच दुकानात परत गेली. दुकानदार माझ्यावर किती भडकला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला त्यानंतर ठाण्याची कामं बरेच दिवस मिळाली नाहीत आणि सीआयडी म्हणणंही बंद झालं.

उरलेल्या सगळ्या फळ्या मी दोन दिवसांत एकट्याने काढल्या. हळदीच्या आदल्या सकाळी काकी आली. दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला आणि तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग काकी हॉलच्या उंबऱ्यावर येऊन थांबली. समोर मोकळा कोबा, त्यावर राहिलेला लोणा आणि डांबराचे दोन डाग. मी भिंतीशी खिळे गोळा करत होतो.

"बादली आन," ती मला म्हणाली.

मी नळावरून बादली भरून आणली. तिने साडीचा काचा मारला, बादली दोन्ही हातांनी उचलली आणि सगळी हॉलभर ओतली. मग दुसरी मागितली. मग तिसरी. दादा दारात उभे राहून बघत होते आणि हसत होते की रडत होते ते कळत नव्हतं. इतके महिने न करता ज्याचा आळ तिने सोसला ते ती आता सगळ्यांच्या देखत, पोटभर करत होती. चौथ्या बादलीला तिने कोपऱ्यातला खराटा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "लोट."

मी लोटू लागलो. ती मागून पाणी ओतत होती आणि ओतता ओतता तिने हलक्या आवाजात धवला धरला. उद्याची तयारी असावी. नवरदेव आतून धावत आला आणि तसाच ओल्या कोब्यावर अनवाणी उभा राहिला.

पाणी दाराकडे जाईना. कितीही लोटलं तरी ते समोरच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन साचत होतं. मे महिन्यात तिथे लेव्हल लावून मी दादांना छातीठोकपणे सांगितलं होतं की कोबा एकदम सपाट आहे. मी खाली बसून बोट बुडवून बघितलं. चांगला दोन सूत, म्हणजे पाव इंच, उतार होता.